पहिली शर्यत आणि सोबतची माणसे

वर्तकनगरला राहणारी माझी भाची गेले काही महिने उपवन तलावाच्या बाजूला नियमित धावते आहे आणि आता तिने दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी नाव नोंदवले आहे. "मावशी, दहा किलोमीटर मी रविवारी एकटी धावतेच. मग शर्यतीत वेगळे ते काय असणार?" असे तिने विचारले आणि प्रश्न रास्त होता. अंतर तेच, पाय तेच, रस्ताही आपल्याच शहरातला. तरीही पहिल्या शर्यतीहून परतलेली माणसे जे सांगत बसतात त्यात अंतराचा उल्लेख अभावानेच येतो. ती सांगतात शौचालयापुढच्या रांगेबद्दल, सुरुवातीच्या रेटारेटीबद्दल, कुठल्याशा वळणावर टाळ्या वाजवणाऱ्या आजींबद्दल. मी ठाण्यातल्या शर्यतींत धावले आहे, काही वेळा पाण्याच्या टेबलामागे स्वयंसेवक म्हणून उभीही राहिले आहे, आणि दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की अंतराची तयारी सगळेच करतात, इतर माणसांची तयारी मात्र कोणी करत नाही. एकट्याने धावताना वेग, पाणी, थांबणे हे सगळे आपल्या मर्जीचे असते. शर्यतीत यातल्या प्रत्येक गोष्टीत शेकडो परक्यांचा वाटा असतो.

तिने कोणती शर्यत निवडली हे मी आधी विचारून घेतले, कारण ठाण्यात ऋतूने फार फरक पडतो. महापालिकेची वर्षा मॅरेथॉन ही या शहराची जुनी शर्यत. २०१९ नंतर काही वर्षे ती झाली नाही आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. हिवाळ्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावर निरनिराळ्या आयोजकांच्या शर्यती होत असतात. पाम बीच रस्ता सपाट आणि सरळ, त्यामुळे नवख्याला सोपा वाटतो, पण तिथे सावली नाही आणि पुढचे सगळे अंतर एकदम डोळ्यांपुढे येते. ठाण्यात वळणे आहेत, पूल आहेत, पोखरण रस्त्यासारखे चढ-उतार आहेत. पावसाळी शर्यतीत गारवा मिळेल असे पुष्कळांना वाटते, तो मात्र भ्रम आहे. धावताना शरीर जी ऊर्जा खर्च करते त्यातला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा हालचालीच्या कामी येतो, उरलेल्याची उष्णता होते आणि ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम वाळणे. ऑगस्टच्या पहाटे हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. म्हणून पावसाळ्यात आपला वेग जानेवारीपेक्षा कमी पडला तर त्यात आपल्या तयारीचा दोष शोधू नये. पाऊस अंगावर पडत राहिला तर उलट बरे, कारण मग पाणी तरी उष्णता घेऊन जाते.

शर्यतीच्या एक-दोन दिवस आधी बिब, म्हणजे कपड्यावर लावायचा क्रमांक, आणायला जावे लागते. कापडासारख्या न फाटणाऱ्या कागदावर छापलेला आपला क्रमांक, चार टाचण्या, एक टी-शर्ट आणि पिशवीत कोंबलेली जाहिरातपत्रके असा तो ऐवज असतो. बिबच्या मागे चिकटवलेली पातळ पट्टी हीच आपली वेळ नोंदवणारी टायमिंग चिप. तिच्यात बॅटरी नसते, रस्त्यावर अंथरलेल्या चटईतून येणाऱ्या लहरींनी ती जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. म्हणून बिब दुमडू नये आणि पोटावर समोरच लावावा. त्याच्या मागच्या बाजूला रक्तगट, एखादा आजार आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहायची जागा असते. बहुतेक जण ती कोरी ठेवतात. भाचीने ती माझ्यासमोर भरावी असा माझा आग्रह होता आणि तिने तो, जरा तोंड वाकडे करून, मानला. मिळालेला टी-शर्ट मात्र शर्यतीच्या दिवशी घालू नये. नव्या कपड्याची शिवण काखेत आणि ओल्या झालेल्या नव्या मोज्याची घडी टाचेवर काय करते हे सहाव्या किलोमीटरनंतर कळते; बायकांनी तर रोजच्या सवयीची स्पोर्ट्स ब्रा सोडून दुसरे काही घालण्याचा विचारही त्या दिवशी करू नये. जिथे कापड घासते तिथे आदल्या रात्रीच व्हॅसलीन काढून ठेवावे आणि निघताना लावावे.

आदल्या रात्री झोप लागत नाही. सगळ्यांनाच लागत नाही, आणि एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने दहा किलोमीटर बिघडत नाहीत. त्याच्या आदल्या रात्रीची झोप तेवढी पुरी झालेली असावी. रात्री नेहमीचा वरणभात, पोळीभाजी, जे अंगवळणी आहे तेच खावे. मोठ्या अंतरासाठी लोक करतात तशी पोटभर पास्ता खाण्याची नक्कल दहा किलोमीटरला निरर्थक आहे, कारण स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर तास-दीड तासाच्या धावण्याला सहज पुरते. पहाटे एखादे केळे किंवा जॅम लावलेला पाव, तोही सुटण्याच्या तासभर आधी, पुरेसा होतो.

त्या पहाटे रस्ते बंद होऊ लागलेले असतात, रिक्षावाला दूरवरच सोडतो आणि पार्किंगचा तर विचारच नको. ठाण्यातल्या शर्यतीला कल्याण-डोंबिवलीकडून पहाटेच्या लोकलने येणारे कितीतरी जण असतात, त्यांना स्थानकातून चालत येण्याचा वेळ धरावा लागतो. सुटण्याच्या तासभर आधी मैदानावर पोहोचावे असे मी म्हणते, आणि त्यातला बराचसा तास शौचालयाच्या रांगेत जाणार आहे हेही सांगते. हा विषय शर्यतीच्या माहितीपत्रकात दोन शब्दांत उरकलेला असतो, पण नवख्या धावकाची, विशेषतः बाईची, सकाळ त्यावरच ठरते. घबराटीने पोट ढवळते आणि एकाच वेळी सगळ्यांचे ढवळते. फिरती शौचालये मोजकी असतात, बायकांसाठीची त्याहून मोजकी, आणि शेवटच्या वीस मिनिटांत त्यांत पाणी उरेलच असे नाही. चहा घरीच, उठल्याबरोबर घ्यावा, म्हणजे व्हायचे ते काम घरी होते. कागदी रुमाल खिशात ठेवावेत. पाळी चालू असेल तर लागणाऱ्या वस्तू कमरेच्या छोट्या पट्ट्यात घेऊन धावावे, सामानाच्या काउंटरवर ठेवू नयेत. रांगेत उभ्या असलेल्या बायका मात्र अतिशय चांगल्या असतात. तिथे आठवीतली मुलगी आणि साठीच्या बाई एकमेकींची पिशवी धरतात, टाचण्या लावून देतात आणि पहिली वेळ आहे असे कळले की सल्ल्यांचा वर्षाव करतात, ज्यातला निम्मा परस्परविरोधी असतो.

सुरुवातीच्या जागेवर कमालीचा गोंगाट असतो. मंचावरून झुंबा करवून घेणारे उत्साही तरुण, ढोल-ताशा, निवेदकाचा आवाज, सेल्फी, आणि मग मान्यवरांचे आगमन, स्वागत, दोन शब्द. मान्यवर उशिरा आले की झेंडाही उशिरा हलतो, आणि तोवर केलेला वॉर्म-अप थंड होतो. त्यामुळे वॉर्म-अप म्हणून मंचासमोर नाचून घाम गाळण्यापेक्षा बाजूच्या गल्लीत पाच-सात मिनिटे हळू धावावे आणि गर्दीत उभे राहिल्यावर जागच्या जागी घोटे, गुडघे हलवत राहावे. कुठे उभे राहायचे हा खरा प्रश्न. पुढे जाण्याचा मोह होतो, शिवाय आधी आलो म्हणून पुढची जागा आपली असेही वाटते. पुढे उभे राहणाऱ्याला मागून येणारे वेगवान लोक दोन्ही बाजूंनी ढकलत जातात, आणि अगदी मागे उभे राहणाऱ्याला हातात हात घालून चालणाऱ्या कुटुंबांच्या भिंती ओलांडाव्या लागतात. मध्याच्या जरा मागे, कडेला, ही नवख्याची जागा. वेळ वाया जाईल ही भीती बाळगू नये: बंदुकीच्या आवाजापासून मोजलेली वेळ ती गन टाइम, आणि आपण सुरुवातीची चटई ओलांडल्यापासून मोजलेली ती नेट टाइम. बक्षिसांसाठी बहुधा पहिली धरतात. आपल्याला दुसरीशी काम.

आता पहिला किलोमीटर. मला विचाराल तर नवख्याची शर्यत इथेच ठरते. गर्दीच्या वेळी ठाणे स्थानकात लोकलमधून उतरणाऱ्याला जसे स्वतःहून पाऊल टाकावे लागत नाही, तसे इथे होते: आपण धावत असतो, पण किती वेगाने धावायचे हे आजूबाजूचे लोक ठरवत असतात. आणि त्या वेगाचा त्रास जाणवत नाही, हीच खरी गोम आहे. धावायला सुरुवात केल्यावर स्नायूंना लागेल तेवढा प्राणवायू पोहोचायला दोन-तीन मिनिटे लागतात. तोवरची तूट शरीर स्नायूंतल्या साठ्यावर, प्राणवायूविना, भागवते. त्यात ॲड्रेनलिन चढलेले असते, ढोल वाजत असतात, कोणीतरी "गणपती बाप्पा" म्हणते आणि सगळा रस्ता "मोरया" म्हणतो. अशा वेळी श्वास लागला आहे की नाही याची बातमी मेंदूपर्यंत उशिरा पोहोचते. भाची उपवनला दहा किलोमीटर सव्वा तासात धावते, म्हणजे किलोमीटरला साडेसात मिनिटे. गर्दीच्या ओघात ती पहिला किलोमीटर साडेसहा मिनिटांत सहज काढेल आणि खूश होईल. तो वाचवलेला एक मिनिट पाचव्या किलोमीटरपासून परत द्यावा लागतो, आणि व्याजासकट. सातव्यापर्यंत किलोमीटर नऊ मिनिटांवर गेलेला असतो. मी तिला पहिला किलोमीटर आठ मिनिटांत काढायला सांगितले आहे. हे ऐकायला सोपे आहे. करताना शेकडो पाठी आपल्यापुढे जाताना पाहाव्या लागतात, शाळेच्या गणवेशातली मुले जिवाच्या आकांताने पळत ओलांडून जातात, आणि आपण मागे पडत आहोत ही भावना इतकी शारीरिक असते की पाय आपोआप उचलले जातात. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येते आहे का, एवढे तपासत राहावे. येत नसेल तर वेग जास्त आहे, घड्याळ काहीही म्हणो. ती मुले पुढच्या वळणावर कमरेवर हात ठेवून चालताना दिसतातच. त्यांना ओलांडताना होणारा आनंद फारसा उदात्त नाही, पण होतो.

गर्दीतून नागमोडी वाट काढण्याचाही मोह टाळावा. प्रमाणित शर्यतीचा मार्ग सायकलवर बसवलेल्या यंत्राने, धावकाला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या रेषेवरून, म्हणजे वळणावर कडेपासून केवळ तीस सेंटिमीटर आत राहून मोजतात, आणि तो चुकून कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग जास्त आखतात. दहा किलोमीटरला दहा मीटर. आपण मात्र डावी-उजवीकडे करत, वळणे बाहेरून घेत धावतो. म्हणून मनगटावरचे घड्याळ शेवटी दहाऐवजी साडेदहाच्या जवळचा आकडाही दाखवू शकते, आणि घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या पुलाखाली किंवा उंच इमारतींच्या मध्ये उपग्रहाचे संकेत अडखळले की ते आणखी काहीही दाखवते. अंतर चुकवले म्हणून आयोजकांशी वाद घालणारे लोक दर शर्यतीत भेटतात. प्रमाणित मार्ग असेल तर रस्त्यावरच्या पाटीवर विश्वास ठेवावा.

पाण्याच्या टेबलामागून शर्यत फार वेगळी दिसते. टेबले ओळीने पाच-सहा मांडलेली असतात आणि जवळजवळ प्रत्येक धावक पहिल्यावरच तुटून पडतो. तिथे हातात हात अडकतात, कोणी एकदम थांबतो, मागचा त्याच्यावर आदळतो, आणि शेवटच्या टेबलावरची मुले भरलेले पेले पुढे धरून हिरमुसली उभी असतात. शेवटच्या टेबलावर जावे. दुरूनच एखाद्या स्वयंसेवकाकडे पाहून हात करावा, म्हणजे तो पेला पुढे धरतो. घेतल्यावर कडेला सरकून चार पावले चालत प्यावे, कारण धावत प्यायलेले अर्धे पाणी नाकात जाते. पेला कडेच्या डब्यात टाकावा. ओल्या डांबरावर पडलेले पेले मागच्यांना घसरवतात आणि ते आपण गेल्यावर गोळा करायला कोणीतरी वाकणार असते. तहानेपुरतेच प्यावे. दर टेबलावर दोन पेले रिचवणे हे शहाणपण नव्हे: गरजेपेक्षा फार जास्त पाणी प्यायल्याने रक्तातले सोडियम कमी होते आणि लांब अंतराच्या शर्यतींत हळू धावणाऱ्यांना त्यातून गंभीर त्रास झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. दुसरीकडे, अगदी शेवटी येणाऱ्यांपर्यंत पाणी उरलेले नसते असेही मी पाहिले आहे, त्यामुळे आपण सावकाश धावणार हे माहीत असेल तर हातात मावणारी छोटी बाटली न्यावी.

मधल्या टप्प्यात गर्दी विरळ होते आणि मग रस्त्याकडेची माणसे दिसू लागतात. सोसायटीच्या फाटकाशी खुर्च्या टाकून बसलेले आजोबा, शाळेचे लेझीम पथक, गॅलरीतून चहाचा कप उंचावणारे कोणी. बिबवर नाव छापलेले असेल तर अनोळखी लोक नावाने हाक मारतात आणि आपण ओळखीचे कोण म्हणून वळून पाहतो. काही जण रस्ता अडला म्हणून चिडलेलेही असतात. दुधाची गाडी, पेपरची सायकल, ड्यूटीवर निघालेली परिचारिका यांनी शर्यतीची वेळ विचारून ठेवलेली नसते. त्यांच्याकडे वळून हसावे आणि पुढे जावे. मार्ग जाऊन-येऊन असेल तर एकवीस किलोमीटरचे आघाडीचे धावक समोरून परतताना दिसतात, किलोमीटरला तीन मिनिटांच्या जरा वर, म्हणजे भाचीच्या दुपटीहून अधिक वेगाने, आणि पावलांचा आवाज जवळजवळ न करता. ज्या मातीतून २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक जिंकणारी नाशिकची कविता राऊत आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी माण तालुक्यातली ललिता बाबर आली, त्याच मातीतली ही मुले-मुली असतात आणि त्यांतल्या कित्येकांसाठी बक्षिसाची रक्कम ही पुढच्या काही महिन्यांच्या खुराकाची आणि बुटांची तजवीज असते. त्यांच्या वाटेत येऊन चित्रफीत काढणाऱ्यांना पाहिले की माझा संताप होतो. आपली बाजू धरून धावावे आणि टाळ्या वाजवाव्यात.

पूल किंवा चढ आला की वेग टिकवण्याचा हट्ट धरू नये, श्वास टिकवावा. पावले आखूड करावीत, नजर दहा-पंधरा फुटांवर ठेवावी. चालावेसे वाटले तर चालावे. भाचीला चालण्याची फार लाज वाटते, लोक काय म्हणतील असे तिला वाटते, आणि मी तिला एवढेच सांगू शकते की टेबलामागे उभी असताना मी चालणाऱ्यांकडे कधी वेगळ्या नजरेने पाहिलेले नाही. तिथून सगळेच लाल चेहऱ्याचे आणि तहानलेले दिसतात. ठरवून चालावे मात्र, पुढच्या खांबापर्यंत किंवा मिनिटभर, आणि मग पुन्हा धावू लागावे. न ठरवता चालायला लागलेला माणूस फार उशिरा धावतो. छातीत दुखले, चक्कर आली, घाम येणे थांबून अंग तापल्यासारखे झाले तर ताबडतोब थांबून स्वयंसेवकाला सांगावे. शर्यतीच्या मागून रुग्णवाहिका येत असते ती यासाठीच, आणि त्या वेळी भिडेखातर पुढे रेटणाऱ्यांची मला खरी काळजी वाटते. अंतर पुरे करायची मुदत किती आहे हे माहितीपत्रकात आधीच पाहून ठेवावे, म्हणजे शेवटच्या टप्प्यात उगीच धास्ती राहत नाही.

नवव्या किलोमीटरनंतर निवेदकाचा आवाज ऐकू येऊ लागतो. तो वाटतो त्याहून लांब असतो. शेवटच्या दोनशे मीटरांत सगळ्यांनाच बळ येते, ते खुशाल वापरावे. पण रेषा ओलांडल्यावर जागेवर थांबू नये, गुडघ्यांवर हात टेकून वाकू नये आणि खाली बसू तर मुळीच नये. धावताना पायांतले रक्त वर ढकलण्यात पोटऱ्यांच्या स्नायूंचा मोठा हातभार असतो. पाय एकदम थांबले की रक्त खालीच साठते, रक्तदाब उतरतो आणि माणूस रेषेपलीकडे दहा पावलांवर कोसळतो. तिथे उभे असलेले स्वयंसेवक "चला, चला, पुढे चला" असे ओरडतात ते गर्दी हटवण्यासाठी असतेच, पण त्यात आपलेही भले असते. पाच-दहा मिनिटे चालत राहावे. कोणीतरी गळ्यात पदक घालते, कोणी केळे आणि उपम्याची पुडी हातात देते, छायाचित्र काढणारा हसा म्हणतो. पिशवीत कोरडा टी-शर्ट ठेवलेला असावा. ओल्या कपड्यांत तासभर फोटो काढत राहिलेल्यांना दुसऱ्या दिवशी शिंका येतात असे माझी आई म्हणते आणि त्यावर मी तिच्याशी वाद घालत नाही.

पाय त्याच दिवशी फारसे दुखत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतात, आणि जिना चढताना नव्हे, उतरताना. स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचे ते दुखणे असते आणि ते आपोआप जाते. तोवर चालावे, धावू नये. दरम्यान निकाल लागतो. एवढ्या मोठ्या यादीत आपले नाव शोधून काढायला वेळ लागतो, त्यामुळे बिबचा क्रमांक टिपून ठेवावा. नेट टाइम पाहावा, पहिल्या आणि दुसऱ्या पाच किलोमीटरच्या वेळा वेगळ्या दिल्या असतील तर त्यांतला फरक पाहावा. पहिला किलोमीटर कसा गेला हे त्या फरकात स्पष्ट दिसते. वयोगटातला क्रमांकही तिथेच लिहिलेला असतो. हौशी धावकाला त्याच्याशी काही कर्तव्य नसते असे सगळे म्हणतात, मीही भाचीला तसेच सांगितले आहे, पण माझा मी दर वेळी पाहते.